कोणता बहार धरायचा?

नागपुरात मानेवाडा रोडच्या आतल्या एका गल्लीत माझी अभ्यासिका आहे. बेचाळीस टेबलं, दोन लोखंडी कूलर, पाण्याच्या कॅन आणि प्रत्येक टेबलाला तीन बाजूंनी प्लायवूडचा आडोसा. त्या आडोशावर मुलं चिठ्ठ्या चिकटवतात. रात्री अकराला दिवे मालवताना मी त्या वाचत जातो. १७ नंबरच्या टेबलावर एक चिठ्ठी होती : 'क्लास वन, २०२२'. पुढे २०२२ वर काट आली, बाजूला २०२३. त्यावर काट, २०२४. पुढच्या सालाला कागदावर जागा उरली नाही म्हणून ते सेलोटेपवरच लिहिलेलं. चार वर्षांत पोराचं अक्षर सुधारलं, चिठ्ठी तीच राहिली.

हा मुलगा आळशी नाही. सकाळी सहाला शटर वर करतो तेव्हा पायरीवर तोच बसलेला असतो. आणि त्याच्यापुढे ध्येय नाही असं तर कोणीच म्हणणार नाही, ते भिंतीलाच चिकटलंय. मग अडतं कुठे? या एका प्रश्नापायी मी मिळेल ते वाचत गेलो. ध्येय या गोष्टीवर मानसशास्त्रात पन्नास-साठ वर्षं शिस्तीत काम झालंय, आणि आपल्याकडच्या भाषणांत जे ऐकू येतं त्यापेक्षा ते बरंच वेगळं आहे. तेच इथे सांगतो, माझ्या भाषेत.

आधी थोडा केर काढू. व्याख्यानांत एक गोष्ट हमखास येते. १९५३ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात पदवीधरांना विचारलं म्हणे, तुमची ध्येयं लिहून ठेवलीत का? फक्त ३ टक्क्यांनी ठेवली होती. वीस वर्षांनी पाहिलं तर त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकूण संपत्तीहून जास्त! कधी येलच्या जागी हार्वर्ड असतं. हा अभ्यास झालेलाच नाही. शोधणाऱ्यांना त्याचा कागद सापडला नाही, आणि खुद्द येलकडेही त्याची काही नोंद नाही. माझ्या अभ्यासिकेच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी हीच गोष्ट सांगितली होती आणि सर्वांत जोरात टाळ्या मी वाजवल्या होत्या, हेही सांगून टाकतो.

म्हणजे नुसतं लिहिल्यानं नशीब उघडत नाही. १७ नंबरनं चारदा लिहिलं होतं.

माझे मामा काटोलकडचे, संत्र्याची बाग असलेले. ध्येय म्हणजे काय हे मला पुस्तकांच्या आधी त्यांच्या धुऱ्यावर कळलं होतं, फक्त तेव्हा त्याला ध्येय म्हणतात हे ठाऊक नव्हतं. आपल्याकडे संत्र्याचं झाड मुख्यतः दोनदा फुलतं. जानेवारी-फेब्रुवारीत येतो तो आंबिया बहार, जून-जुलैत मृग. (तिसरा हस्तही असतो, पण त्याच्या नादी सहसा कोणी लागत नाही.) झाड मोकळं सोडलं तर ते थोडं इकडे फुलतं, थोडं तिकडे. फळ बारीक, माल एका वेळी निघत नाही, झाडाचा जीव मात्र निघतो. म्हणून बागवान एकच बहार धरतो. 'धरणे' हाच आमच्याकडचा शब्द. आणि धरतो म्हणजे काय करतो? पाणी तोडतो. मृग धरायचा तर ऐन उन्हाळ्यात, पारा ४५ च्या घरात असताना, ओलीत बंद. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, काही गळतात. शेजारचा विहिरीवर मोटर चालवून राहिलेला असतो आणि आपण आपली झाडं सुकताना बघत बसायचं. मग मृगाचा पाऊस पडला की तेच झाड पांढऱ्या फुलांनी लदबदून जातं.

मामा म्हणायचे, "खत कोणीबी टाकते रे. पानी तोडाले छाती लागते."

इच्छा आणि ध्येय यांतला फरक मला तरी यापेक्षा सोपा करून सांगता येत नाही. इच्छा असली की आपण खत टाकतो : नवीन पुस्तकं, नवीन ॲप, नवीन बूट. ध्येय ठरलं की कशाचं तरी पाणी तुटतं. 'मला तब्येत सुधारायची आहे' म्हटल्यानं काही बिघडत नाही. 'सहा महिने रात्री नऊनंतर जेवणार नाही' म्हटलं की मित्रांसोबतचं रविवारचं सावजी तुटतं. जे ठरवल्यानं काहीच तुटत नाही, ते अजून ठरलेलं नाही असं समजायला हरकत नाही.

आता संशोधनाकडे येतो. एडविन लॉक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये एक लेख लिहिला. त्यातली मुख्य गोष्ट अगदी साधी आहे : 'जमेल तेवढं कर' असं सांगितलेल्या माणसापेक्षा नेमकं आणि अवघड लक्ष्य दिलेला माणूस जास्त काम करतो. पुढे गॅरी लेथम या संशोधकानं हे लाकूडतोडीच्या धंद्यात तपासलं. ओंडके वाहून नेणारे ट्रकवाले कायद्यानं चालेल त्या वजनाच्या साधारण ६० टक्केच माल भरत होते. 'होईल तितका भरा' हे सांगून झालं होतं. मग त्यांना आकडा दिला : ९४ टक्के. बक्षीस नाही, दंड नाही, पगारवाढ नाही. काही महिन्यांत भरती ९० टक्क्यांच्या आसपास गेली. हा अभ्यास १९७५ साली छापून आला.

नुसत्या आकड्यानं असं काय झालं? नजर बदलली. बर्डीच्या मेन रोडवर तुम्ही 'काहीतरी बघू' म्हणून गेलात तर दोन तास फिरून चपला झिजवून परत येता. 'बहिणीच्या हळदीसाठी पिवळा दुपट्टा, पाचशेच्या आत' असं ठरवून गेलात की निळं, लाल, गुलाबी काही दिसतच नाही. गर्दी तीच असते, पण डोळे फक्त पिवळं निवडतात. हे पहिलं. दुसरं, लक्ष्य अवघड असलं की माणूस जोर जास्त लावतो. तिसरं, लवकर सोडून देत नाही. आणि चौथं, जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं : नेहमीच्या पद्धतीनं जमत नाही हे कळलं की तो डोकं चालवतो. ते ट्रकवाले जास्त घाम गाळून ९० वर गेले नाहीत. वजनाचा अंदाज कसा घ्यायचा, यात त्यांनी सुधारणा केल्या. 'जमेल तेवढं' म्हटलं की जमलं तेवढ्यावर समाधान मिळतं आणि डोकं बंद राहतं.

पण याला अटी आहेत, आणि भाषणांत त्याच गळतात. माणसानं ते लक्ष्य मनापासून घेतलेलं असावं लागतं. ते गाठायची कुवत असावी लागते. आणि आपण कुठवर आलो हे त्याला वेळोवेळी कळावं लागतं. ट्रकवाल्याला प्रत्येक खेपेला काट्यावर वजन कळत होतं. '१७ नंबर'ला त्याचं वजन वर्षातून एकदा, निकालाच्या दिवशी कळतं. मधले ३६४ दिवस काटाच नाही. शिवाय 'क्लास वन' ही गोष्ट पूर्णपणे त्याच्या हातात नाही. जागा किती निघतील, पेपर कसा येईल, बाजूला बसलेला किती तयारीचा आहे, यांवर त्याचा काय ताबा? त्याच्या हातात आहे ते रोजचं एक उत्तर लिहून तपासून घेणं. निकालाचं ध्येय दिशा दाखवायला चांगलं, पण दिवस त्याच्यावर ढकलता येत नाही. दिवसासाठी कामाचं ध्येय लागतं.

आणखी एक अट मला घरात कळली. मुलगी स्कूटर शिकत होती, रेशीमबागच्या मैदानावर. मी हौसेनं म्हटलं, चल, पाच मिनिटांत तीन चकरा. दुसऱ्या चकरेला ती गाडीसकट आडवी. १९८९ मध्ये रूथ कॅन्फर आणि फिलिप ॲकरमन यांनी अमेरिकी हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींवर असाच प्रयोग केला होता, अर्थात स्कूटरवर नाही, विमानवाहतूक नियंत्रणाच्या संगणकी कामावर. काम नवीन असताना, अगदी सुरुवातीलाच ज्यांच्यापुढे आकडा ठेवला त्यांचं काम बिघडलं. कारण डोक्याची सगळी ताकद शिकण्यात गुंतलेली असते, त्यात 'किती झालं' हे मोजायचं ओझं वाढतं. म्हणून नवीन गोष्टीत लक्ष्य शिकण्याचं ठेवायचं : आज फक्त ब्रेक, उद्या फक्त वळण. हात बसला की मग चकरा मोजा.

आता माझी स्वतःची गोष्ट. मी अठरा वर्षं खर्रा खाल्ला. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी : सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून घोटतात, तो खर्रा. पानठेल्यावर ती पन्नी घासली जाताना जो चर्र चर्र आवाज येतो, तो ऐकूनच तोंडाला पाणी सुटायचं. एका दाताच्या डॉक्टरांनी तोंडात आपलीच तीन बोटं उभी घालून दाखवा म्हटलं. दोनच गेली. त्या दिवसापासून सोडायचं ठरवलं. मग एक जानेवारीला ठरवलं. मग गुढीपाडव्याला. मग वाढदिवसाला. (अशा 'पहिल्या' दिवशी माणसाला नवी सुरुवात करावीशी जास्त वाटते, हेही संशोधकांनी २०१४ मध्ये आकड्यांनिशी दाखवलंय. सुरुवात होते, एवढंच.)

मी काय करत होतो? डोळ्यांपुढे चित्र आणत होतो : मी खर्रा सोडलाय, बायको खूश आहे, दात पांढरे आहेत, वाचलेल्या पैशांतून नवा फ्रिज आला आहे. आपल्याकडे याला मनातले मांडे खाणं म्हणतात. गॅब्रिएल ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर याच मांड्यांचा अभ्यास केला. वजन कमी करायला आलेल्या बायकांमध्ये त्यांना दिसलं की ज्या बारीक झाल्याची सुखद चित्रं जास्त रंगवत होत्या, त्यांचं वजन कमी उतरलं. मनातल्या मनात मांडे खाऊन पोट भरतं आणि मग चूल पेटवायची घाई राहत नाही. ओटिंगेनबाईंचा सल्ला असा : चित्र जरूर रंगवा, पण लगेच त्याच्या शेजारी स्वतःला विचारा, माझ्यात असं काय आहे जे आडवं येणार? 'माझ्यात' हा शब्द महत्त्वाचा. पानठेला आडवा येत नाही, तो आपल्या जागी उभा असतो. आडवं येतं ते दुपारचं जेवण झाल्यावर हात आपोआप खिशाकडे जाणं.

एकदा हे सापडलं की पुढचं औजार पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं. 'मी अमुक करीन' असं न म्हणता 'तमुक झालं की मी अमुक करीन' असं वाक्य बांधायचं. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की २४ डिसेंबरची संध्याकाळ कशी गेली यावर ४८ तासांच्या आत लिहून पाठवा. अर्ध्यांना नुसतं सांगितलं. उरलेल्यांना, तुम्ही नेमकं केव्हा आणि कुठे बसून लिहाल ते आत्ताच ठरवा, असं सांगितलं. नुसतं ऐकलेल्यांत साधारण तिघांतल्या एकानं पाठवलं, जागा-वेळ ठरवलेल्यांत चौघांतल्या तिघांनी. सणासुदीचे दिवस, घरात पाहुणे, तरीही. कारण असं की वाक्य आधी बांधलेलं असलं की त्या क्षणी ठरवायची वेळ येत नाही. खरं भांडण तिथेच हरलं जातं. भर उन्हात, जेवून, सुस्तावलेला माणूस काय ठरवणार?

माझी वाक्यं दोन होती. जेवून हात धुतला की आधी ओवा-बडीशेपेची डबी. आणि मित्र पानठेल्यावर थांबला, तर मी गाडीवरून खाली उतरणार नाही. दुसरं वाक्य ऐकायला हास्यास्पद आहे, पण स्टँडवर न लावलेल्या गाडीवर पाय टेकून बसलेल्या माणसाला खर्रा घ्यायला दोन्ही हात मोकळे नसतात. काम झालं.

चाळिसाव्या दिवशी वर्ध्याला एका लग्नात खाल्ला. पूर्वी अशा वेळी माझं पुढचं गणित ठरलेलं असे : आता भिजलोच आहे, तर पुरताच भिजू. त्या वेळी मात्र फिलिपा लॅली यांचा लंडनचा अभ्यास वाचून झाला होता. ९६ जणांनी रोजची एक नवी सवय लावायला घेतली होती, कोणी जेवताना फळ, कोणी पाणी, कोणी धावणं. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसागणिक फरक केवढा! १८ पासून थेट २५४ पर्यंत. '२१ दिवसांत सवय' हे जे छापलेलं असतं, ते विसरा. आणि माझ्या कामाची गोष्ट ही, की मध्ये एखादा दिवस हुकल्यानं सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नव्हता. वर्ध्याहून परत आलो, डबी भरून ठेवली. तंबाखू सोडणं प्रत्येकाला नुसत्या डबीवर जमेल असं मी म्हणत नाही. जुन्या व्यसनाला डॉक्टर लागतो, मलाही लागला.

ध्येयाची एक वाईट खोड आहे : ते गाठलं की माणूस थांबतो. संत्रा मार्केटकडच्या स्टेशनच्या गेटवर एक ऑटोवाले माझ्या ओळखीचे आहेत. त्यांचा नेम पक्का. "हजार झाले का मी घरी, भाऊ. मंग पाऊस पडो का आग लागो." आता गणित बघा. पावसाच्या दिवशी सवारी धो धो, पाच तासांत हजार. कोरड्या दिवशी तेच हजार जमवायला दहा तास. दोन दिवसांचे पंधरा तास, दोन हजार रुपये. त्यांनी तास नुसते उलटे केले असते, पावसात दहा आणि कोरड्यात पाच, तर त्याच पंधरा तासांत अडीच हजार झाले असते. जेव्हा कमाई जोरात तेव्हाच ते घरी, आणि जेव्हा मंदी तेव्हा रात्रीपर्यंत स्टँडवर. १९९७ मध्ये कॉलिन कॅमेरर, रिचर्ड थेलर वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांबद्दल नेमकं हेच लिहिलं. नंतर हेन्री फार्बर यांनी वेगळे आकडे तपासून त्याला हरकत घेतली, आणि तो वाद अर्थशास्त्रात बराच चालला.

मी हे गणित त्या ऑटोवाल्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पन हजाराची पाटी नसली तं मले घरी कोन पाठवीन? मी रोजच बारा वाजवीन." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा हजार हा कमाईचा आकडा नव्हताच, तो पोराला झोपायच्या आधी भेटायचा आकडा होता. ध्येय बरोबर की चूक हे ते कशासाठी आहे हे कळल्याशिवाय ठरत नाही, आणि मी ते न विचारताच हिशेब मांडायला बसलो होतो.

मॅरेथॉन धावणाऱ्यांतही असंच दिसतं. जवळजवळ एक कोटी धावांच्या वेळा तपासल्या, तर चार तासांच्या किंचित आत पोचणाऱ्यांची गर्दी, चार तासांच्या किंचित पलीकडे तुलनेनं ओस. गोल आकडा माणसाला शेवटच्या किलोमीटरला ओढून नेतो. पण लक्ष्याला छत समजायचं की पायरी, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं ताजं उदाहरण आहे. जुलै २०२५ मध्ये ती जॉर्जियातल्या बातुमीला महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाला गेली तेव्हा ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म, म्हणजे एखाद्या स्पर्धेत त्या दर्जाचा खेळ केल्याची नोंद, तिच्याकडे नव्हता. एरवी असे तीन लागतात. एखादा नॉर्म मिळतो का हा विचार तिच्या मनात होता, असं तिनंच नंतर सांगितलं. अंतिम फेरीत तिनं कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं आणि विश्वचषकासोबत ग्रँडमास्टर किताब थेट हातात आला. एकोणीस वर्षांची पोर. नॉर्मचा विचार तिला एकेक डाव नीट खेळवायला पुरेसा होता, आणि तो मिळण्याच्या टप्प्यावर ती थांबली नाही. नागपुरातल्या किती बुद्धिबळ वर्गांत त्या महिन्यात नवी नावं नोंदली गेली असतील कोण जाणे. त्यांतल्या आईबापांना एवढंच सुचवावंसं वाटतं की तिचं शेवटचं पान बघून पहिला धडा ठरवू नका.

मुदतीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपण सगळे सारखेच फसतो. १९९४ चा कॅनडातला अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी अंदाज ३४ दिवस. सगळं वाईटात वाईट घडलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच या खोडीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं होतं. अंदाज बांधताना आपण पुढे बघतो, मनातली योजना बघतो, आणि योजनेत लाइट जात नाही, कोणी आजारी पडत नाही. मागे बघितलं पाहिजे : मागच्या खेपेला किती दिवस लागले होते? दिवाळीआधी घर रंगवून होईल असं सांगणाऱ्या प्रत्येक नवऱ्याच्या बायकोला हे संशोधनाशिवाय ठाऊक असतं.

लांब पल्ल्याची ध्येयं मात्र वेगळ्या जातीची असतात. माझ्या अभ्यासिकेतली बरीच मुलं दीक्षाभूमीवर जाऊन बसतात, काही परीक्षेच्या आदल्या दिवशी, काही निकालाच्या. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. नागपुरात धम्मदीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला. मध्ये एकवीस वर्षं आणि एक दिवस. येवल्याला काय सोडायचं ते ठरलं होतं, कोणत्या वाटेनं जायचं ते नाही. त्यासाठी त्यांनी धर्मांचा अभ्यास केला, आणि त्याच काळात राज्यघटनेचं कामही केलं. लाखो माणसांच्या मुक्तीचा तो निर्णय आणि आपल्या चिठ्ठ्या यांची बरोबरी मला करायची नाही. पण एक गोष्ट आम्हा साध्या माणसांना घेण्यासारखी आहे : सोडायचं काय हे पक्कं असलं, तर वाट शोधायला वेळ घेता येतो. आमचं उलटं असतं. वाट लगेच पकडतो, क्लास लावतो, फी भरतो, आणि सोडत काहीच नाही.

सोडण्यावरही अभ्यास झालाय बरं का. कार्स्टन व्रोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की जे ध्येय आता हाती लागणार नाही ते ज्यांना सोडता येतं आणि दुसरं धरता येतं, त्यांचं मन जास्त ठिकाणावर असतं. आपल्याकडे सोडणाऱ्याला पळपुटा म्हणतात. मामांनी म्हातारी झालेली अर्धी बाग एका उन्हाळ्यात उपटून काढली तेव्हा गावानं नावं ठेवली. नव्या कलमांना फळ धरायला पाच-सहा वर्षं लागणार होती. तोवर मधल्या पट्ट्यात त्यांनी हरभरा घेतला.

गेल्या महिन्यात १७ नंबरशी बोललो. पंखा आवाज करतो म्हणून तक्रार घेऊन आला होता, मी चहा पाजला.

"कसं चाललंय?"

"करून राहिलो न काका. अभ्यास तं चालूच हाय."

"कशाचा?"

त्यानं सांगितलं. राज्यसेवा. सोबत बँक, कारण फॉर्म निघाला होता. सोबत पोलीस भरती, कारण भाऊ म्हणाला उंची आहे तर भर. सकाळी पाचला मैदान, सहाला अभ्यासिका, दुपारी गणित, रात्री इतिहास. मी त्याला काही उपदेश केला नाही, मामांच्या बागेबद्दल सांगितलं. आंबिया, मृग, पाणी तोडणं. तो चहाच्या ग्लासाकडे बघत राहिला. "दोनी बहार घेतले तं?" त्यानं विचारलं.

"फळ येते. लिंबाएवढं."

त्यानंतर पंधरा दिवस विषय नाही. मग एका रात्री दिवे मालवताना पाहिलं, १७ नंबरच्या आडोशावरून सेलोटेपसकट चिठ्ठी गेलेली. प्लायवूडवर तिच्या जागी फिकट चौकोन. खाली पेन्सिलीनं लहान अक्षरात लिहिलेलं : 'मैदानावरून आलो की, आंघोळीच्या आधी, एक उत्तर'. मग 'मैदानावरून' खोडलेलं आणि वर 'झोपेतून उठलो की'. म्हणजे पोलीस भरतीचं पाणी तुटलं होतं. बँकेची दोन जाडी पुस्तकं बाहेरच्या रॅकवर ठेवलेली, वर कागद : 'कोणाला पाहिजे तं घ्या'.

एक तारखेला तो फी द्यायला आला. एरवी महिन्याचे पैसे द्यायचा, तेही दहा तारखेपर्यंत ओढून. या वेळी नोटा मोजून टेबलावर ठेवल्या.

"काका, ऑक्टोबरपर्यंतचे घ्या. त्याच्यापुढचे नोको. उमरेडले भावाच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात नोव्हेंबरपासून येतो म्हणून सांगून टाकलं."

मी पावती फाडली. तो ती घेऊन दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"आन् तो पंखा?"